किलिमांजारो सराव नोंद: शिखराची रात्र, घरच्या फ्रिजरमध्ये

माचामे वाटेवरचा शेवटचा तळ बाराफू, उंची सुमारे 4670 मीटर. उहुरू शिखर 5895. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास निघून सव्वाबाराशे मीटर चढ, तोही बराचसा सुट्या ज्वालामुखी खडीवर. रात्री निघतात ते थंडीने खडी गोठून घट्ट राहते म्हणून. ऊन चढलं की तीच खडी सुटते, दोन पावलं पुढे टाकली की एक मागे घसरतं. शिवाय दिवस वर आला की ढग जमायला लागतात.

सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर. इथे कितीही पळा, उंचीची सवय होणार नाही. ती तिकडेच होते: लाव्हा टॉवरपर्यंत (सुमारे 4600) चढायचं आणि झोपायला बारांको तळाला, म्हणजे 4000 च्या खाली उतरायचं. म्हणून सहाऐवजी सात दिवसांचा कार्यक्रम धरलाय. पैसे वाचवायचेच तर बुटांवर वाचवा, दिवसांवर नको. (खरं तर बुटांवरही नको.)

पायांची तयारी मात्र इथे होते. दहा मजली इमारतीचा जिना साधारण 30 मीटर, चाळीस फेऱ्या झाल्या की शिखराच्या रात्रीचा चढ भरतो. आठवड्यागणिक फेऱ्या वाढवायच्या, पाठीवर सहा किलो. उतरताना लिफ्ट बंद! कारण शिखरावरून त्याच दिवशी म्वेका तळापर्यंत जवळजवळ 2800 मीटर उतार आहे आणि मांड्या तिथेच भरून येतात. नखं आदल्या दिवशी कापा, उतरण्याआधी घोट्याजवळची लेस घट्ट करा. नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळीनिळी.

आता थंडी. वर उणे 10 ते उणे 20 धरून चालायचं, आणि घरचा फ्रिजर साधारण उणे 18 ला असतो. म्हणजे चाचणीची सोय घरातच.

खाणं: रात्रभर ठेवून सकाळी थेट दाताखाली. ज्यात पाणी कमी ते टिकतं. शेंगापोळी चावता येते, चिक्की कडक पण फुटते. चॉकलेटचा बार आधी तुकडे करूनच न्यावा. कडक भाकरी गोठत नाही, पण वर तोंड इतकं कोरडं पडतं की घोटभर पाण्याशिवाय ती उतरणार नाही. ती तळावरच्या जेवणाला.

पाणी: बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडचं पाणी शेवटपर्यंत पातळ राहतं. नळीची पिशवी (पाठीवर ठेवून नळीने पाणी प्यायची) शिखराच्या रात्री बाद. नळीत उरलेलं पाणी आधी गोठतं आणि दोन लिटर पाठीवर असून तहानलेले राहता. न्यायचीच तर प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळी रिकामी करा.

हेडलॅम्प: चालू करून, झिपच्या पिशवीत घालून चार तास आत. साधे अल्कलाइन सेल मंदावतात, लिथियम टिकतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, सोलापूरच्या हवेत आत पाणी धरतं.

चालीचा नियम एकच: पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. सगळ्यात हळू चालणारा मुख्य गाइडच्या मागे, सहायक गाइड शेवटी. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. सगळे थर अंगावर चढवून निघालात तर घाम येतो आणि पहिल्या थांब्यावर तोच गारठवतो. थांबा पाच मिनिटांपेक्षा कमी.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, घाबरू नका.

डोकेदुखी सौम्य असेल तर लक्ष ठेवून चालता येईल. पण टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता आलं नाही, बोलणं अडखळलं, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली. उजाडायची वाट बघायची नाही, सोबत सहायक गाइड जाईल, बाकीचा गट पुढे. हे इथेच सगळ्यांकडून वदवून घेतलंय, कारण वर ज्याला त्रास होतो त्यालाच ‘मी ठीक आहे’ असं वाटत असतं.

बाकी: हातमोज्यांचं ठरायचंय. आत पातळ, वर पंजाचा जाड जोड, आणि तो घालून काठीचा पट्टा व चेन लावता येते का हे बघायचंय.