पणजीच्या मुलाखतीआधी सावंतवाडीची मुलाखत

"तू नेमकां करतंस काय?" आईने विचारलं.

सावंतवाडीच्या घरी स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो होतो. ती आमसुलं भिजत घालत होती आणि माझ्या मांडीवर ही जाडजूड फाईल. आईने आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. पोर्तुगालच्या व्हिसासाठी मला पणजीला मुलाखतीला बोलावलंय हे कळल्यावर सराव घ्यायला तीच पुढे झाली. मी सुरू केलं: क्वालिटी, ऑटोमेशन, रिलीज. दोन मिनिटं तिने ऐकून घेतलं आणि ओला हात वर केला. "थांब. चौथीतल्या पोराक सांगतंस असां समज."

मला सांगता येईना. बारा वर्षं ज्या कामावर घर चाललंय, ते मला माझ्याच आईला सांगता येत नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर वहीत लिहून काढलं. खाडाखोड करत शेवटी दोन वाक्यं उरली: "दवाखान्यांच्या लॅबसाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते. त्यातून पेशंटच्या हातात चुकीचा रिपोर्ट जाणार नाही, हे तपासणाऱ्या टीमची मी प्रमुख आहे." सकाळी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तूय पेपरच तपासतंस." अगदी तेच!

आता पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात येऊन काही महिने झाले. गावाकडून, पुण्याहून, ठाण्याहून बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी आले ती डी-८ या व्हिसावर. परदेशातल्या कंपनीचं काम पोर्तुगालमध्ये राहून करणाऱ्यांसाठी तो ३० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला. मुख्य अट उत्पन्नाची: पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट. मी अर्ज केला त्या २०२५ साली किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे महिना ३,४८० युरो दाखवायचे होते. २०२६ साठी ते ९२० झालं, म्हणजे आता ३,६८०. आपल्या रुपयांत ही रक्कम तीन लाखांच्या वर जाते. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण "घरबसल्या युरोप" असली जाहिरात पाहून नोकरीची पहिली दोन वर्षंही न भरलेली मुलं एजंटला पैसे देऊन बसतात. पगार तेवढा नसेल तर कुठलाही एजंट तो वाढवून देणार नाही.

माझ्या मामाला वाटलं, आपण हातभार लावावा. अर्जाआधी पाच लाख माझ्या खात्यावर टाकतो, खातं जरा भरलेलं दिसेल, नंतर परत कर. मी नको म्हटलं. महिनोन् महिने एकसारखा पगार येणाऱ्या खात्यात मध्येच पाच लाख उगवले की पुढचा प्रश्न त्यांच्यावरच येणार, आणि त्याला माझ्याकडे खरं उत्तर नसतं. मामा दोन दिवस रुसला होता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कंपनीच्या पत्रात. पहिल्यांदा आलं त्यात एवढंच होतं: 'कर्मचाऱ्यास घरून काम करण्याची मुभा आहे.' पण घर कुठलं? पत्रावर तर पुण्याचाच पत्ता! अशा पत्राचा काही उपयोग नाही. पोर्तुगालमध्ये राहून काम करायला कंपनीची परवानगी आहे, काम अमुक आहे, पगार इतका आहे, नोकरी कायम आहे, हे सगळं शब्दांत हवं. मी बदलून मागितलं तर एचआर गप्प, लीगल गप्प. पाच आठवडे असे गेले. तेव्हा मला राग येत होता, आता त्यांची भीती समजते. वर्षात १८३ दिवसांहून जास्त पोर्तुगालमध्ये राहिलं की करासाठी तुम्ही तिथले रहिवासी ठरता. कंपनीला वाटत होतं, आपणही त्यात कुठेतरी अडकू.

तेव्हा एका सीएने एक गोष्ट सांगितली, ती आमच्या एचआरलाही नवी होती. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, ८ मे २०१७ पासून लागू. त्यात बसणाऱ्याला ईपीएफओकडून, म्हणजे आपल्या पीएफच्या कार्यालयाकडून, सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज मिळतं. मग पीएफ भारतातच चालू राहतो, दोन्हीकडे पैसे भरावे लागत नाहीत. आपण त्यात बसतो का, हे कंपनीला अर्जाच्या आधी विचारा. आमच्याकडे ते मार्गी लागलं आणि चार दिवसांत पत्रही आलं.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधून काढायचं आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, घ्यायचं. हे फार आधी करू नका, ताजं लागतं.

आणि नाव! इथे आपण महाराष्ट्रातल्या बायका हमखास अडकतो. माझ्या डिग्रीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पगाराच्या स्लिपवर मधलं नावच नाही. बँकेत मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण मधलं नाव कुणाचं ते आपल्याला न सांगता कळतं. बाहेरच्या माणसाला त्या चार वेगळ्या बायका दिसतात. मी लग्नाचा दाखला, राजपत्रात छापून आलेला नावबदल आणि 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र फाईलमध्ये सर्वात वर लावलं.

मुलाखतीच्या दिवशी पहाटेची एसटी धरली. बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजी. पोर्तुगीज कॉन्सुलेट आल्तिनोच्या टेकडीवर आहे. चढ चढताना तोंडाला कोरड पडली होती. आत बोलणं इंग्रजीत झालं, जेमतेम पंधरा मिनिटं. बाई शांतपणे बोलत होत्या, पण बारकाईने विचारत होत्या. पहिला प्रश्न आईचाच: तुम्ही नेमकं काय काम करता? मी ती दोन वाक्यं म्हटली. त्यांनी लिहून घेतली आणि पुढचं पान उलटलं.

मग, पोर्तुगालच का? समुद्र आवडतो, पर्यटन आवडतं असलं काही मी म्हटलं नाही. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लॅब आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये आहेत. लिस्बन, डब्लिन आणि लंडन यांचं घड्याळ एकच चालतं. सावंतवाडीत बसून मी रात्री साडेदहाला मीटिंग करते, तिथे ती संध्याकाळी असेल. हे बोलताना मला जाणवलं, की हे खरं असल्यामुळे पाठ करावंच लागलं नव्हतं.

नवरा सोबत का येत नाही? तो मर्चंट नेव्हीत आहे, सहा महिने जहाजावर असतो, त्याचं कॉन्ट्रॅक्ट फाईलमध्ये आहे. घर न पाहता वर्षाचा करार कसा केलात? घरमालकाशी व्हिडिओवर बोलून, नोंदणी झालेली प्रत ही इथे. मग त्यांनी पगाराच्या स्लिपवर बोट ठेवलं आणि नावाकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी वरचं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि मान डोलावली.

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि आईला फोन लावून पगाराच्या स्लिपचं सांगितलं. आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगीज 'पागार'वरून आला, पैसे देणे या अर्थाच्या. तिला तो शाळेपासून ठाऊक होता. म्हणाली, "त्येंच्याच शब्दान त्येंका उत्तर दिलंस तर."

पासपोर्ट परत आला तो चार महिन्यांचा, दोन प्रवेशांचा शिक्का घेऊन. एवढ्या मुदतीत इथे येऊन आयमाकडून, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने पाहणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेकडून, राहण्याचा परवाना काढायचा असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये जुनं एसईएफ बंद झालं आणि तिथे ही आयमा आली. माझी अपॉइंटमेंट येत्या मंगळवारी आहे. तीच फाईल पुन्हा काढली आहे, तोच क्रम, नावाचा कागद वर. बाहेर पाऊस आहे, कोकणासारखा, फक्त हाडांत शिरणारा.

काल रात्री व्हिडिओवर आईने पुन्हा सराव घेतला. पहिला प्रश्न तोच. मी मराठीत सुरू केलं तर म्हणाली, "आता त्येंच्या भाषेत सांग." मी अडखळत पहिलं वाक्य पोर्तुगीजमध्ये म्हटलं. तिला त्यातलं काही कळलं नसणार. तरी म्हणाली, "परत एकदा, हळू."