सगळ्या पायऱ्या सारख्या

कोल्हापुरात मी स्वतःचे कार्यालय थाटले तेव्हा तिथे मी आणि एक ड्राफ्ट्समन, एवढाच कारभार होता. आज आम्ही सहा जण आहोत आणि याहून वाढायचे नाही, हे मी एका जिन्यामुळे ठरवले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुविद्या परिषदेकडे नोंदणी झाली की ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येते; परंतु पगार, फीचे थकलेले हप्ते आणि ठेकेदाराशी होणारी हुज्जत हे विषय पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मला तरी कोणी शिकवले नव्हते. त्यातच आमच्या व्यवसायाला जाहिरातीची मनाई असल्यामुळे काम येते ते एका घरमालकाने दुसऱ्याच्या कानावर घातल्यावरच.

त्या वर्षी एकदम नऊ कामे हातात होती. माझा दिवस मंजुरीच्या फायली आणि बैठका यांत जाई, आणि नकाशे संध्याकाळी घाईघाईने नजरेखालून घालून मी सही करत असे. एका बंगल्याचा जिना नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने काढला होता. स्लॅब ओतून झाल्यावर मी तो चढून पाहिला. सगळ्या पायऱ्या नेमक्या १६५ मिलिमीटर उंचीच्या, काँक्रीटही स्वच्छ. मी मिस्त्रींचे कौतुक करून परतले.

चूक नेमकी त्या सारखेपणातच होती. खोल्यांमध्ये कोटा फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून ७५ मिलिमीटरचा थर येणार होता, तर पायरीवर जेमतेम ४० चा. म्हणजे फरशी बसल्यावर पहिली पायरी १३० ची उरणार आणि शेवटची २०० ची होणार. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरातल्या पायरीची कमाल उंची १९० आहे. पण कोडपेक्षाही मला काळजी होती ती घरातल्या आजींची, कारण माणूस जिना डोळ्यांनी कमी आणि गुडघ्यांच्या सवयीने जास्त चढतो, आणि उंची बदलली की तिथेच ठेच लागते.

हे मला नाही, फरशीवाल्याला दिसले. त्याने लाइनदोरी धरली आणि मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा मिस्त्री आधीच सावध होते. “मॅडम, आमी ड्रॉइंगबरहुकूमच वतलंय,” ते म्हणाले, आणि ते खरेच होते. त्या ड्रॉइंगवर सही माझी होती.

उपाय तसा सोपा निघाला: प्रत्येक पायरीवर आणि मधल्या चौकावर ३५ मिलिमीटरचा जादा थर दिला की हिशेब जुळत होता. जादा वजन पेलेल ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतले आणि खर्च आमच्या फीतून वळता केला. मालकांना सगळे खरे सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले, मग त्यांनी चहा मागवला. त्या मुलीला मी रागावले नाही. कच्ची (फरशीआधीची) आणि पक्की (फरशीनंतरची) पातळी यांतला फरक तिला समजावून सांगायला मला वेळच झाला नव्हता.

तेव्हापासून एका वेळी चारच कामे घेते. नाही म्हणायला अजूनही जड जाते, विशेषतः मार्चमध्ये, जेव्हा खात्यात दोन महिन्यांचेच पगार उरलेले असतात. जिन्याचा छेद, म्हणजे उभा कापून दाखवलेला नकाशा, मात्र कोणीही काढला तरी पक्क्या पातळ्या मी स्वतः लाल पेनने लिहिते. ती मुलगी आता आमच्याकडची सर्वांत जुनी सहकारी आहे, आणि माझ्या लाल आकड्यांची बेरीज ती पुन्हा तपासते.