आईचं 'पित्त'

लालबागच्या आमच्या खोलीत गौरी जेवल्या त्या संध्याकाळी आईचं डोकं उजव्या बाजूने ठणकायला लागलं. मग उलट्या. आम्ही आमसुलाचं पाणी दिलं, दिवा मालवून तिला निजवलं. जवळच्या डॉक्टरांनीही पित्तच सांगितलं. आदल्या दिवशी आरतीला ती म्हणाली होती, "निरांजनाभोवती रंगीत कडं दिसतंय गं." कुणी मनावर घेतलं नाही. नेत्रतज्ज्ञाकडे पोचलो तिसऱ्या दिवशी. पित्त नव्हतंच, काचबिंदूचा झटका होता. डोळ्याचा दाब ५८ निघाला. २१ पर्यंत ठीक धरतात. उजव्या डोळ्याने तिला आता फक्त खिडकीचा उजेड कळतो.

दिवा मालवला, हे मला अजून सलतं. डोळ्यात तयार होणारं पाणी पुढच्या बाजूच्या एका कोनातून झिरपून बाहेर जातं. काहींचा हा कोन मुळातच अरुंद असतो. वयाबरोबर आतलं भिंग जाड होतं आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला पुढे रेटतं. अंधारात बाहुली पसरली की पडदा कडेला गोळा होतो, कोन बंद होतो आणि दाब चढतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही हे होऊ शकतं.

बायकांमध्ये आणि सख्ख्या नात्यात धोका जास्त, म्हणून ताई आणि मी गोनिओस्कोपी, म्हणजे या कोनाची तपासणी, करून घेतली. डोळा बधिर करून त्यावर आरशाचं भिंग टेकवतात, दुखत नाही. दोघींचेही कोन अरुंद.

असा झटका टाळायला आधीच लेझर करायचं का, यावर मी महिनाभर वाचत होते. वेल्लोरच्या पाहणीत असे कोन असलेल्या ५० जणांपैकी ११ जणांचा आजार ५ वर्षांत पुढे सरकला. चीनमध्ये ग्वांगझूला अशाच ८८९ जणांच्या प्रत्येकी एकाच डोळ्याला लेझर करून ६ वर्षं लक्ष ठेवलं. २०१९ साली निकाल आला: लेझर केलेले १९ डोळे बिघडले, न केलेले ३६. म्हणजे फायदा आहे, पण बहुतेक डोळे लेझरशिवायही नीट राहिले. सरसकट सगळ्यांना लेझर नको, असंच त्या संशोधकांनी म्हटलं. मला ते पटतं. ताईने दरवर्षी तपासायचं ठरवलं, तेही बरोबरच आहे.

मी मात्र लेझर करून घेतलं. आकडे वाचताना आईचा डोळा समोरून हलत नव्हता. पडद्याला सुईच्या अग्राएवढं भोक पडलं, पाण्याला दुसरी वाट झाली. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई देवापाशीच बसली होती. निरांजन माझ्यासमोर धरून म्हणाली, "कडं दिसतंय का गं?"

"नाही गं आई."

"नीट बघ."