कालव्याच्या काठाने, आणि वीस लिटरचा एक जार

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुठा उजवा कालवा दिसतो. सिंहगड रस्त्याला राहायला येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि इतकी वर्षं सकाळचा चहा मी त्याच्याकडे बघतच घेते. पलीकडच्या काठाला धुणं धुवायच्या दगडी पायऱ्या आहेत. पाणी सोडलं की पायऱ्या एकेक करून बुडतात, बंद केलं की शेवाळ्यासकट उघड्या पडतात. हा कालवा खडकवासल्याहून निघतो आणि इंदापूरपर्यंत दोनशे किलोमीटरच्या वर जातो, हे वाचून माहीत होतं. पाहिलेला मात्र हडपसरच्या पुढे एकदाही नव्हता. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सात जण सायकली घेऊन निघालो: मी, भाऊ-वहिनी, वहिनीच्या दोन मैत्रिणी, माझा भाचा आणि आमच्या सोसायटीतले चौसष्ट वर्षांचे काका, ज्यांनी दोनदा सायकलवर पंढरपूर केलंय.

इंग्लंडमध्ये कालव्याच्या काठाने नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी वाट ठेवलेली असते आणि आता तिथे लोक सायकली चालवतात, हे काकांनी कुठेतरी पाहिलं होतं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे खूळ होतं. आपल्याकडची वाट पाटकऱ्याची. पाण्याच्या पातळीचं गेज बघायला, भराव कुठे पाझरतोय का ते बघायला, दारं उघडायला-लावायला तो या वाटेने फिरतो. कुठे मुरूम, कुठे नुसती माती, कुठे वेड्या बाभळीनं दोन्ही बाजूंनी गिळलेली.

शहरातला कालवा तुकड्यातुकड्यानेच पाहता येतो. पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीजवळून जाताना मी दोन मिनिटं थांबले. २७ सप्टेंबर २०१८ ला इथेच कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी त्यातच गेली. भिंत आता नवी आहे, रंगाचा फरक कळतो. पुढे स्वारगेट, वानवडी, हडपसर. फुरसुंगीपर्यंतचा वास सांगत बसत नाही, तिथल्या लोकांना तो रोज सहन करावा लागतो.

लोणी काळभोरला पोहे खाऊन भरावावर चढलो आणि एकदम सगळं शांत झालं. महामार्ग डावीकडे लांब राहिला. कालवा डोंगराच्या कुशीकुशीने जातो, त्यामुळे रस्त्याने जे गाव दहा किलोमीटरवर असतं ते इथे पंधरा-सोळावर येतं. पण चढ म्हणून नाही. पाणी ज्या उताराने चालतं तो इतका थोडा असतो की पायांना कळतच नाही. एका अंगाला हिरवट, भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या अंगाला खाली ऊस, कांदा, अधूनमधून ज्वारी. सकाळच्या थंडीत पाण्यावरून वाफ निघत होती. तारेवर खंड्या बसलेला. मी इतकी सुखात सायकल फार वर्षांत चालवली नव्हती.

खालच्या अंगाला जुना कालवा आहे, ज्याला इकडे सगळे बेबी कॅनॉल म्हणतात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, उचललेलं शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात सोडतात. उरुळी कांचनच्या जवळ एका ठिकाणी दोन्ही पाणी एकाच नजरेत आली. वरचं माझ्या खिडकीतलं, खालचं माझ्या मोरीतून गेलेलं. खालच्यावर पांढरा फेस आणि जलपर्णी होती. वहिनी म्हणाली, "चल, नको बघूस." आम्ही निघालो, पण तो फेस दिवसभर डोळ्यांसमोर होता.

उरुळीचा निसर्गोपचार आश्रम, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला, बघायचा ठरवला होता. राहिला. यवतला जेवण ठरलं होतं, तेही राहिलं. भुलेश्वरचा डोंगर लांबून पाहिला आणि त्यालाच नमस्कार केला. वहिनीच्या मैत्रिणींना संध्याकाळपर्यंत शंभर किलोमीटर पुरे करायचे होते आणि त्या सारखं घड्याळात बघत होत्या. मला ते अजिबात आवडत नाही. कालव्याच्या काठाने जायचं आणि पाण्यापेक्षा घाई करायची, मग रस्त्यानेच जावं.

भांडगाव मागे पडल्यावर, वरवंडच्या अलीकडे, भाच्याची सायकल बसली. पाच मिनिटांत माझीही. वेड्या बाभळीचे काटे. जाड टायर असल्याशिवाय कालव्यावर जाऊ नये, हे मला काकांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं आणि मी ते बाकीच्यांना सांगायला विसरले होते. ही चूक सर्वस्वी माझी. भाचा ट्यूब काढून पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागला आणि आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो.

तिथून एक चारी, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारा छोटा पाट, निघत होती. मुख्य कालवा भरून चालला होता, पण चारी ठणठणीत कोरडी, तळाची माती तडकलेली. चारी जिथे शेतरस्त्याखालून जाते तिथे सिमेंटच्या नळ्याची मोरी होती आणि तिच्या तोंडाशी एक आजोबा गुडघ्यावर बसले होते. धोतर वर खोचलेलं, बाजूला फावडं आणि युरियाचं रिकामं पोतं. खांद्यापर्यंत हात नळ्यात घालून ते काहीतरी ओढून काढत होते. दुधाच्या पिशव्या. थर्माकोल. सुकलेल्या झेंडूचा हार, दोऱ्यासकट. नारळाच्या शेंड्या. एक लहान मुलाची चप्पल. एकेक वस्तू झटकून पोत्यात टाकत होते.

मी जवळ गेले. दुधाच्या पिशवीवरचं नाव ओळखीचं होतं, माझ्या दारात रोज तीच पिशवी येते.

"पाण्याची वाट बघताय का आबा?"

"व्हय. बाराला दार उचलायचं म्हणलाय पाटकरी. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावर फुटतं, मग खाली काय जात नाय."

"मग आज तुमची पाळी?"

"माझी नाय. हे टेलचं पाणी. आधी टेलची रानं भिजायची, मग वर वर येत माझा नंबर. चार दिस तरी हायेत अजून."

मला आधी नीट कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. हो, टेल म्हणजे चारीचं शेपूट, तिथून पाच किलोमीटर खाली. आज येणाऱ्या पाण्यातलं थेंबभरही आबांच्या रानात जाणार नव्हतं. त्यांचा कांदा शेजारीच माना टाकून उभा होता. आणि ते खालच्या गावातल्या लोकांच्या पाण्यासाठी सकाळपासून मोरी उकरत होते, कारण मोरी त्यांच्या बांधाला लागून होती. "वरच्यानं नाय काढलं तर खालच्यानं कुठं जायचं," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा हात नळ्यात घातला.

काका आणि मी त्यांच्याबरोबर बसलो. काकांनी पोतं धरलं. नळ्याच्या मध्यावर अडकलेलं एक पोत्याचं बूच निघेना, तेव्हा भाच्याने पंक्चर सोडून लांब काठी आणली.

साडेबाराला पाटकरी मोटारसायकलवर आला. हँडल लावून चारीचं दार त्याने वीसेक फेरे फिरवून उचललं. लोखंड करकरलं, आणि खालून पाणी आलं.

कोरड्या चारीतून पहिलं पाणी येताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला वाटायचं, धो धो येत असेल. ते चालत येतं, माणसाच्या सावकाश चालण्याइतकं. तोंडाशी तपकिरी फेसाची एक जाड कड, तिच्यावर वाळकी पानं, काटक्या, बिया. भेगांमध्ये पाणी शिरलं की बुडबुडे येत आणि मातीतून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा बारीक आवाज येई. मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून गवताच्या काड्यांवर चढत होत्या. भेगांतून रातकिडे उड्या मारत बाहेर पडत होते आणि त्यांच्यासाठी दोन कोतवाल झेपा घेत होते आणि बगळ्यांची रांग पाण्याच्या तोंडापुढे पावलं टाकत चालली होती. आबा चपला काढून त्या कडेबरोबर चालत होते. काही अडकलं की फावड्यानं बाजूला. मीही चप्पल काढली आणि मागोमाग चालले. मोरीपाशी पाणी क्षणभर थांबलं, फुगलं, आणि नळ्यातून पलीकडे गेलं. तेव्हा आबांनी हात धुतले, ओल्या हाताने कपाळाला पाणी लावलं.

बोलता बोलता कळलं, ते दर हंगामाला नमुना नंबर सातचा पाणी मागणीचा अर्ज भरतात, पाणीपट्टी भरतात, आणि तरी आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची फेरी, कधी सुटणार ते नक्की कळत नाही. पुण्यात कालवा सल्लागार समितीची बैठक होते, तिथे ठरतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून साधारण एकोणतीस टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. शहराला किती, शेतीला किती, यावर दरवर्षी ओढाताण. आबांनी शहराला एकही वाईट शब्द लावला नाही. "प्यायला पाहिजेच की माणसाला," म्हणाले.

पंक्चर निघेपर्यंत ऊन चढलं होतं आणि आमच्या सगळ्यांच्या बाटल्या संपल्या होत्या. आबांचं घर हाकेच्या अंतरावर. आजींनी ओसरीवर सतरंजी टाकली, गूळ आणि शेंगदाणे आणले. गुऱ्हाळ शेजारीच, गूळ अजून कोमट होता. मग आजींनी कोपऱ्यातला निळा जार दोन्ही हातांनी उचलून तिरका केला आणि आमच्या बाटल्या भरायला सुरुवात केली. वीस लिटरचा, फिल्टरच्या पाण्याचा, विकतचा. गाडी एक दिवसाआड येते. विहिरीचं पाणी आता प्यावंसं वाटत नाही, आणि कालव्याचं तर नाहीच, असं त्या म्हणाल्या.

सात जणांच्या चौदा बाटल्या, प्रत्येकी पाऊण लिटर. चौथ्या बाटलीनंतर मला हिशोब लागला आणि मी म्हटलं, "आजी, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. "उन्हाचं जायचंय. आमचं काय, उद्या गाडी यील." भरून झालं तेव्हा जार अर्ध्याच्या खाली गेला होता. दारातून पन्नास पावलांवर अख्खा कालवा वाहत होता, माझ्या खिडकीखालून आलेला. मी पैसे पुढे केले तर आजींनी माझी मूठ बंद करून परत माझ्याच हातात दिली आणि तशीच थोडा वेळ धरून ठेवली. मला रडू आवरेना. वहिनीने मला बाहेर नेलं.

निघताना आबांनी विचारलं, पुण्यात कुठं राहता. मी खिडकीचं सांगितलं, पायऱ्यांचंही. ते एकदम सरळ बसले. "म्हंजी पाणी सुटलं की तुम्हाला आधी दिसतं?" त्यांनी बटणांच्या फोनवर माझा नंबर नातवाकडून टाकून घेतला आणि त्यांचा मला दिला.

त्या रात्रीचा मुक्काम एका कृषी पर्यटन केंद्रात केला, डोई अठराशे रुपये. भाकरी गार, अकरापर्यंत लाउडस्पीकर, आणि सकाळी गरम पाण्याचे वेगळे पैसे. नाव लिहीत नाही, पण मनापासून राग आला. दुसऱ्या दिवशी भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहिले, मासे खाल्ले, दुपारी इंदापूरला पोचलो. छोटा हत्ती ठरवून सायकली घातल्या आणि रात्री घरी. वहिनीच्या मैत्रिणींचे शंभर झाले नाहीत, त्या अजून थोड्या नाराज आहेत.

घरी आल्यावर दोन गोष्टी केल्या. देवाची फुलं आणि हार आता कुंडीत जिरवते. आणि सोसायटीच्या बैठकीत उभी राहून निर्माल्य कालव्यात टाकण्याबद्दल बोलले. तिघांनी ऐकलं, बाकीच्यांनी विषय पार्किंगकडे नेला. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलणार आहे. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्यातून न्यायचं ठरलं आहे. गळती आणि चोरी थांबेल, ते चांगलंच. पण मग माझ्या खिडकीखाली काय असेल, कोण जाणे.

तोवर पायऱ्या आहेत. मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी साडेसहाला पाहिलं, तर पाणी वाढलेलं. चहा गॅसवर ठेवला आणि फोन लावला.

"आबा, सुटलं."

"कुठवर हाय?"

"तिसरी पायरी बुडाली."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग आजींना काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं.

"मग परवा येतंय," ते म्हणाले. "उद्या मोरी काढून ठिवतो."