तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या छावणीत मन कसं लागतं?

सुट्टीला गावी आले की हा प्रश्न ठरलेला. आमच्या सातारा भागात फौजी नसलेली भावकी शोधून सापडायची नाही, त्यामुळे दर लग्नसराईत कुणा ना कुणा मुलीचं फौजीशी जमतं आणि तिची आई मला बाजूला घेते. ‘एवढ्या लांब, ना आपली भाषा ना आपलं माणूस, तुझं मन लागलं तरी कसं? पोरीला तिकडं पाठवू, का सासरीच राहू दे?’ मांडवात उभ्या उभ्या सांगितलेलं पुरत नाही, म्हणून लिहिते.

क्वार्टर मिळाली असेल तर पाठवा. पण पाठवताना एक सांगा, की नवरा सगळं करून देईल म्हणून बसून राहू नकोस. तो करायला तयार असतो, पण जागेवर असेल याचा भरवसा नसतो. माझे मिस्टर तोफखान्यात आहेत. नाशिक रोडला ट्रेनिंग झालं, आणि लग्नानंतर मी गेले ती जालंधरला. सामान लागतंय न लागतंय तोच युनिट फायरिंगसाठी राजस्थानात महाजन रेंजला निघाली. तिथं फोन लागला तर लागला. अशा वेळी दवाखाना कुठं, गॅस कुणाला सांगायचा, रात्री काही झालं तर दार कुणाचं वाजवायचं, हे आपल्याला माहीत हवं. म्हणून माझं म्हणणं आहे, पहिले पंधरा दिवस रडायचं तर रडून घ्यावं, पण चप्पल घालून बाहेर पडावं.

त्याआधीचं काम कागदांचं, आणि ते लग्न झाल्या झाल्या सुरू करावं. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटच्या कार्यालयातली अधिकृत नोंद, निघून शीटरोलला, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या कागदाला, बायकोचं नाव चढलं की मगच पुढचं सगळं सुरळीत होतं: क्वार्टरचा अर्ज, डिपेंडंट कार्ड, मिलिटरी हॉस्पिटलमधला, म्हणजे एमएचमधला, इलाज. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस असते. आधारवर माहेरचं, लग्नपत्रिकेत सासरचं, दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग असं झालं की पोरीची फरफट होते. जे नाव ठेवायचं ते आधी ठरवा आणि सगळीकडं तेच, त्याच अक्षरांत लावा. बाळ झालं की त्याचीही पार्ट टू ऑर्डर असते, ती मागे ठेवू नका.

क्वार्टरचा ताबा घेतात त्याला मार्चिंग इन म्हणतात. एमईएसचा, म्हणजे छावणीतल्या इमारती सांभाळणाऱ्या लष्करी खात्याचा, माणूस यादी घेऊन येतो आणि पंखे, ट्यूब, नळ, कड्या मोजून सही घेतो. त्या दिवशी नवरा असला तरी मुलीनं स्वतः उभं राहावं. प्रत्येक नळ सोडून बघावा, फ्लश ओढावा, खिडकीची प्रत्येक काच बघावी, बेसिनला बारीक तडा असेल तर तोही लिहून घ्यायला लावावा. क्वार्टर सोडताना पुन्हा तीच यादी निघते आणि जे मोडलेलं सापडेल त्याचे पैसे आपल्याकडून जातात. मला यात पैशापलीकडचं एक वाटतं. रंग उडालेल्या, आधीच्या बाईनं भिंतीवर मुलांची उंची लिहून ठेवलेल्या त्या दोन खोल्यांत आपण हातानं एकेक वस्तू तपासतो, तेव्हाच ती जागा आपली व्हायला लागते.

आता माणसांचं. आमच्या युनिटमध्ये हिमाचली, तमिळ, ओडिया, सगळीकडचे जवान, तसाच आमचा जिना. वरच्या मजल्यावर कांगड्याची एक दीदी राहायची. पेट्या उतरवत होतो तेव्हाच ती चहाचं भांडं आणि स्टीलचे ग्लास घेऊन खाली आली, आणि ‘रोटी आज हमारे यहाँ’ एवढंच म्हणाली. मिस्टर रेंजवर असताना धाकट्याला रात्री ताप चढला, डोळे फिरवायला लागला. मी वर जाऊन दार वाजवलं. तिनं विचारलं काहीच नाही. बाळाचा टॉवेल ओला करून त्याच्या अंगाला लावला, मोठीला स्वतःच्या अंथरुणात नेऊन झोपवलं आणि रिअर पार्टीच्या साहेबांना फोन लावला. युनिट बाहेर गेली की मागे थोडी माणसं ठेवतात, ती रिअर पार्टी. गाडी आली, आम्ही एमएचला पोचलो, आणि पहाटेपर्यंत ती माझ्या शेजारच्या बाकावर बसून होती. सख्खी बहीण असती तरी याहून वेगळं काय केलं असतं!

तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलीला मी सांगते: रिअरच्या साहेबांचा नंबर, एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, वेळ आणि एमएचच्या कॅज्युअल्टीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटव. मोबाइलमध्ये आहे म्हणू नकोस. मोबाइल नेमका त्याच वेळी चार्ज नसतो.

ही माया येते कुठून, याचा मी विचार केलाय. गावात शेजार पिढ्यांचा असतो, त्यामुळे माणसं सावकाशीनं जवळ येतात. छावणीत दोन-तीन वर्षांत पोस्टिंग आलीच, म्हणून कुणी ओळख वाढायची वाट बघत नाही. आणि प्रत्येकीचा नवरा कधी ना कधी सीमेवर असतो, तेव्हा आज तुझ्यावर तर उद्या माझ्यावर, हे न बोलता सगळ्यांना कळलेलं असतं.

वेल्फेअरला, म्हणजे छावणीतल्या बायकांच्या मेळाव्याला, जायला मुली बिचकतात. मोठ्या साहेबांच्या मॅडम असणार, हिंदी नीट येत नाही, साडी कुठली नेसू. जावं. जवानांच्या बायकांसाठी आवा (आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन) ही संघटना 1966 पासून आहे, आणि फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये शिवण, कॉम्प्युटर असं शिकायला मिळतं. मी तिथंच माइक हातात धरायला शिकले. रँकचं मात्र स्पष्ट बोलते. नवऱ्याचा हुद्दा परेडवर असतो. हवालदाराच्या बायकोनं शिपायाच्या बायकोला पाणी भरायला मागं उभं करायचं, हे मी एका स्टेशनला पाहिलंय आणि ते मला अजिबात पटत नाही. नवी मुलगी आली की तिच्या नवऱ्याची फीत बघायची गरज नाही, तिच्या घरात दूध आहे का ते बघावं.

शाळेची काळजी आया फार करतात. केंद्रीय विद्यालयं निघालीच मुळी 1963 साली, बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांसाठी, आणि सुरुवातीला वीस रेजिमेंटल शाळाच त्यांनी घेतल्या. एका केव्हीतून दुसऱ्या केव्हीत अभ्यासक्रम तोच राहतो. मुलांचं मराठी मात्र घरीच टिकवावं लागतं, कारण शाळेत ते मिळत नाही. आमच्याकडं रात्री जेवताना मराठीतच बोलायचं, एवढा एक नियम आहे.

आपल्याकडच्या बायका आजकालच लांब जातायत असंही नाही. बाबासाहेबांचा जन्म 1891 चा, महूच्या छावणीतला. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, तिथल्या लष्करी शाळेत शिकवायचे. कोकणातलं ते कुटुंब मध्य भारतातल्या छावणीत राहिलं, तेव्हा भीमाबाईंना माहेरचा आवाज फोनवर ऐकायची सोय नव्हती. मला महूचं नाव निघालं की आधी त्या माउलीचा संसार आठवतो.

एक अवघड गोष्ट राहिली. पीसचा, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठिकाणचा, काळ संपला की मिस्टर फील्डला, म्हणजे सीमेकडं, जातात आणि बायका-मुलांना सोबत नेता येत नाही. तेव्हा पुन्हा प्रश्न येतो, गावी परतायचं की सेपरेटेड फॅमिलीच्या क्वार्टरसाठी अर्ज करायचा. मुलांची शाळा रुळली असेल आणि क्वार्टर मिळत असेल तर मी अर्ज करायला सांगते. सासू-सासरे थकलेले असतील तर गावी राहण्यात कमीपणा नाही. पण हा निर्णय मुलीला विचारून व्हावा. दोन्ही घरांची वडीलधारी मंडळी बसून ठरवतात आणि तिला नंतर सांगतात, तसं नको.

आणि आईंनो, तुमच्यासाठी. लेक गेल्याच्या पहिल्याच महिन्यात झेलम एक्स्प्रेसचं तिकीट काढून तिच्याकडं जाऊ नका. तुम्ही असलात की ती शेजारी जायची नाही. दोन-तीन महिने जाऊ द्या. मग जा, आणि जाताना कांदा-लसूण चटणी एका घराची न नेता अख्ख्या जिन्याची न्या.