किचन ट्रॉल्यांपासून कॅम्परव्हॅनपर्यंत: आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप भोसरीत आहे. बाबांनी ते नव्वदच्या दशकात सुरू केलं, तेव्हा पुण्यात किचन ट्रॉल्यांची लाट नुकतीच आली होती. ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्यांवर डबे रचण्याचा लोकांना कंटाळा आला होता. बाबा, आमचे मिस्त्री आणि दोन हेल्पर घरोघरी जाऊन मापं घ्यायचे आणि स्टीलच्या ट्रॉल्या बसवून द्यायचे. मी इंटिरियरचा डिप्लोमा करून कामात आले आणि फ्लॅटची कामं घ्यायला लागले. वन बीएचकेतल्या छोट्या स्वयंपाकघरात चार माणसांचा संसार बसवायचा, हेच आमचं रोजचं काम होतं.

कॅम्परव्हॅनकडे, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाड्यांकडे, आम्ही वळलो ते लॉकडाऊननंतर. कोथरूडच्या एका जुन्या गिऱ्हाईकानं सेकंडहँड फोर्स ट्रॅव्हलर ही मोठी व्हॅन घेतली होती. काका नुकतेच निवृत्त झाले होते आणि काकूंच्या मनात नर्मदा परिक्रमा होती. ओंकारेश्वरहून निघायचं, वाटेत स्वतःचं स्वतः रांधून खायचं, रात्री गाडीतच झोपायचं असा बेत. "तुझ्या बाबांनी आमचा ओटा केला, तो अजून हलला नाही. आता गाडीतला तू कर," असं काका म्हणाले आणि आम्ही ते काम घेतलं.

घराच्या कामात आम्ही आधी भिंती मोजतो. गाडीच्या कामात आम्ही सामान आधी मोजलं आणि आजही तसंच करतो. वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं गाडीच्या आतल्या मापाची चौकट आखतो, चाकांवरचे उंचवटे आणि दारं दाखवतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की तुम्ही जे नेणार आहात ते सगळं इथे घेऊन या. फोटो नको, यादी नको, खरं सामान हवं. काकू पोळपाट-लाटणं, तीन लिटरचा कुकर, एकात एक बसणारी पातेली, मिसळणाचा डबा, किसणी, गाळणी, देवांची छोटी पेटी आणि दोघांच्या औषधांचा डबा घेऊन आल्या. मिस्त्रींनी एक स्टूल ओट्याच्या जागी ठेवलं आणि काकूंना म्हणाले, "आता सकाळचा चहा करून दाखवा."

काकूंनी खोटाखोटा चहा केला. हात कुठे कुठे जातो ते मी टिपत होते. गॅस, पातेलं, पाणी, आलं, साखर, पावडर, गाळणं, कप. हे सगळं दोन पावलांत हवं. त्यांचा चहा होईतो काका अंथरूण आवरत असणार, आणि मधली चालायची वाट जेमतेम दीड-पावणेदोन फुटांची. दोघं एकमेकांना ओलांडूच शकत नाहीत. म्हणून चहाचा सगळा सरंजाम बाजूच्या दाराजवळच्या एका कप्प्यात गेला, बाहेर उभं राहिलं तरी हाती लागेल असा. कुकर आणि पातेली दिवसातून एकदाच लागतात, ती आत ओट्याखाली. पुरणयंत्र काकूंनी आणलं होतं, ते त्यांनी स्वतःच उचलून परत पिशवीत ठेवलं.

गाडीत जागा कमी पडते ती सहसा कप्पे कमी आहेत म्हणून नाही. रोज लागणारी वस्तू पंधरा दिवसांनी लागणाऱ्या वस्तूच्या मागे गेली की सगळी गाडी उपसावी लागते, आणि उपसलेलं ठेवायला गाडीत दुसरी खोली नसते. त्यामुळे आम्ही प्रत्येक वस्तूबद्दल दोनच गोष्टी विचारतो: ती कधी लागते आणि तिचं वजन किती?

वजनाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घराचं फर्निचर करणारे सुतार गाडीच्या कामात इथेच अडतात. घरी आपण डोळे झाकून 18 मिमीचा प्लाय वापरतो. आठ बाय चारच्या अशा एका शीटचं वजन साधारण 33-35 किलो भरतं. 12 मिमीचं शीट 22-23 किलोचं. एका गाडीला दहा शीट लागली असं धरलं तरी फरक शंभर किलोच्या वर जातो, आणि तो सगळा गिऱ्हाइकाच्या सामानाच्या वाट्यातून जातो, कारण आरसीवर गाडीचं एकूण वजन किती असावं हे ठरलेलं असतं. आम्ही सांगाडा ॲल्युमिनियम सेक्शनचा करतो, त्यात 9 किंवा 12 मिमीचा प्लाय भरतो. जिथे माणूस बसतो, झोपतो किंवा उभा राहतो तिथेच जाड प्लाय. काम संपलं की गाडी वजनकाट्यावर नेतो. आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी. गिऱ्हाइकाला काट्याच्या पावत्या देतो, म्हणजे अजून किती भरता येईल ते त्याला कळतं.

पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, शिवाय वळणावर हलणारे. ती खाली, दोन्ही चाकांच्या जोड्यांमध्ये आणि आत आडपडदे असलेली हवी. बऱ्याच जणांना मी टाकीच नको म्हणते. आपल्याकडे 20 लिटरचे पाण्याचे जार गावोगाव बदलून मिळतात. दोन जार ओट्याखाली पट्ट्यानं आवळून ठेवले आणि वर छोटा पंप बसवला की जोडप्याचं काम भागतं. बॅटरी टाकीच्या समोरच्या बाजूला, तीही खालीच. जुन्या पद्धतीची 150 एएचची (एएच म्हणजे वीज साठवण्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंहून जड असते. लिथियमची तेवढीच वीज देणारी बॅटरी तिच्या निम्म्याहून कमी वजनात येते, म्हणून महाग असली तरी आम्ही तिचाच आग्रह धरतो. चाकांवरचे उंचवटे सगळे झाकून टाकतात. आम्ही त्यांच्या पुढच्या-मागच्या अडनिड्या खोबणीत बॅटरी, पंप आणि वायरिंग बसवतो, म्हणजे चौकोनी जागा डब्यांना आणि कपड्यांना मोकळी राहते.

गॅस सिलिंडरसाठी वेगळी पेटी, आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणाऱ्या भोकांची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. ती भोकं कितीही जागा कमी असली तरी राहणारच. त्या पेटीत बटाटे-कांदे ठेवू का, असं विचारणाऱ्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

वरच्या कपाटांत फक्त हलकं सामान: पांघरुणं, टॉवेल, पापड, चिवडा. खोली दहा-अकरा इंच, समोरची बाजू तिरकी म्हणजे उठताना डोकं आपटत नाही, आणि प्रत्येक फळीला पुढे दोन इंचांचा काठ. तेलाची बरणी वर कधीच नाही. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण सुटं ठेवलेलं सामान थांबत नाही. कुकर, खलबत्ता, जॅक यांतलं काहीही चालत्या गाडीत सुटं असता कामा नये, हा आमच्याकडचा कडक नियम आहे.

ट्रॉल्यांचा धंदा केल्यामुळे गिऱ्हाइकांना वाटतं आम्ही गाडीभर ड्रॉवर बसवू. पण ड्रॉवर जागा खातो. ड्रॉवर ज्यावर सरकतो तो टेलिस्कोपिक चॅनल एका बाजूला अर्धा इंच घेतो, म्हणजे दोन्ही बाजूंचा एक इंच, वर ड्रॉवरच्या पेटीची जाडी दोन्हीकडून. शेजारी शेजारी चार अरुंद ड्रॉवर केले तर सहा-सात इंच नुसत्या यंत्रणेत जातात. म्हणून ओट्याखाली दोन रुंद ड्रॉवर, तेही ओढून खट्‌ आवाज झाल्याशिवाय न उघडणाऱ्या लॉकचे. पलंगाखाली मागच्या दारातून बाहेर सरकणारी एकच लांब ट्रॉली. तिच्यात खुर्च्या, घडीचं टेबल, हत्यारं. पलंगाखालची बाकीची जागा वरून उघडणाऱ्या पेट्यांना, कारण पेटीत कोपऱ्यापर्यंत भरता येतं. झाकणाला हायड्रॉलिक पंप लावतो म्हणजे गादीसकट एका हातानं उचलतं. स्टेपनी आणि जॅक मात्र गादी न उचलता हाताशी हवेत. भर पावसात, अंधारात, मुलं झोपलेली असताना टायर बदलायची वेळ येते.

सुटकेस घरी ठेवायला सांगतो. प्रत्येक माणसाला त्याच्या कप्प्याच्या मापाच्या दोन कापडी पिशव्या शिवून देतो, एक धुतलेल्या कपड्यांची आणि एक मळक्यांची. त्या आमच्या वर्कशॉपशेजारच्या एक ताई शिवतात. कपडे गुंडाळून भरले की पिशवी कुठल्याही वेड्यावाकड्या कोपऱ्यात बसते. गाडीच्या पत्र्यामागच्या पट्ट्यांच्या मधे चार-पाच बोटांची पोकळी असते. तिथे इन्सुलेशन भरतो, पण खिडकीखाली जिथे जमेल तिथे जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत असायचा तसा कोनाडा सोडतो. चष्मा, फोन, पाण्याची बाटली, टॉर्च, रात्री उशाशी लागणारं सगळं तिथे मावतं आणि वाटेत एक इंचही येत नाही. मला हे कोनाडे आमच्या कामातला सगळ्यात आवडता भाग वाटतात.

एक कुटुंब आमच्याकडून गाडी करून घेऊन जूनमध्येच कोकणात गेलं. त्यांच्यासाठी काम करताना पावसाचा विचार पहिला होता. मागच्या दाराशी एक ओला कप्पा केला, तळाला भोकं आणि जाळी असलेला. रेनकोट, चपला, समुद्रावरून आलेली मुलांची ओली चड्डी-बनियनं, सगळं तिथेच. वाळू जाळीतून खाली पडते. पावसाळ्यात बंद कपाटाला आतून बुरशी येते, म्हणून प्रत्येक कप्प्याच्या पाठीला हवा जाईल अशी भोकं ठेवतो आणि मागे पत्र्याशी बोटभर अंतर सोडतो. गादीखाली सलग प्लाय न टाकता लाकडी पट्ट्या टाकतो. रात्रभराच्या श्वासाचा दमटपणा गादीखाली साचतो तो त्यामुळे सुकतो. हे सगळं करताना जागा थोडी जाते आणि ती जाऊ द्यावी, कारण बुरशी आलेल्या भरलेल्या कपाटाचा कुणालाच उपयोग नाही.

आवाजाचं एक वेगळंच शास्त्र आहे. स्टीलची भांडी खराब रस्त्यावर एवढी वाजतात की दोन तासांत डोकं उठतं. ताटांसाठी उभ्या खाचा करतो आणि त्यांना फोमची पट्टी लावतो. पातेल्यांच्या मधे घडी घातलेली फडकी. नुसते स्क्रू गाडीच्या थरथरीनं ढिले होतात, म्हणून फर्निचर बॉडीच्या पट्ट्यांना रिव्हेट नट (पत्र्यातच पक्के बसणारे नट) आणि बोल्टनं धरतो, बाकी ठिकाणी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीनं न सुटणारे. मिस्त्री प्रत्येक गाडी पूर्ण झाल्यावर मागे बसून चाकणच्या खड्ड्यांतून एक चक्कर मारतात आणि कुठून कुरकुर येते ते खडूनं खुणावतात. खुणा पुसल्या गेल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जात नाही.

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि भाड्यानं गाड्या देणाऱ्यांची चौकशी सुरू झाली. भाड्याच्या गाडीचे कप्पे वेगळे असतात. दर दोन-तीन दिवसांनी नवं कुटुंब येणार, त्यांना काय कुठे आहे ते माहीत नसणार. तिथे झाकणं कमी, उघडे कप्पे जास्त, आणि प्रत्येक वस्तूच्या जागी तिचं चित्र. सहा चमचे, चार ताटल्या, एक तवा हे परत करताना एका नजरेत मोजता यावं लागतं. निम्मी कपाटं आम्ही मुद्दाम रिकामी ठेवायला लावतो. मालकांना सुरुवातीला वाटतं की जागा वाया गेली, पण पाहुण्यांच्या बॅगा कुठेतरी जायच्याच असतात.

कागदपत्रांचं काम आम्ही लपवून किंवा पुढे ढकलून करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर कडक भूमिका घेतली. सीट काढणं, कायमचा पलंग बसवणं यासाठी आधी आरटीओकडे चौकशी, मंजुरी आणि आरसीवर नोंद, मगच करवतीला हात. त्यात वेळ जातो. घाई असलेली काही कामं त्यामुळे आमच्या हातून गेली, ती जाऊ दिली. टपावर मोठी कॅरियर लावून द्या म्हणणाऱ्यांनाही मी परावृत्त करते. वजन वर गेलं की घाटात गाडी झुलते. टप सोलर पॅनलला राहू द्यावा.

सध्या आम्ही छोट्या गाड्यांच्या मागे आहोत. सगळ्यांना ट्रॅव्हलर परवडत नाही, आणि मारुती ईकोसारखी छोटी व्हॅन आठवडाभर दुकानाच्या कामाला लागते. जर्मनीत 1951 मध्ये वेस्टफालिया कंपनीनं फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला होता. सोमवार ते शुक्रवार गाडी धंद्याची, शनिवारी त्यात पेटी चढवली की फिरायची. त्याच विचारानं आम्ही तीन पेट्यांचा संच करतोय: एक स्वयंपाकाची, एक कपड्यांची, एक पाण्याची. मागची सीट दुमडायची, पेट्या चढवायच्या, गाडीच्या मूळ हुकांना पट्ट्यांनी आवळायच्या आणि वर घडीची गादी टाकायची. गाडीला एकही भोक पडत नाही. प्रत्येक पेटी दोन माणसांना भरलेली उचलता यावी म्हणून पंचवीस किलोंच्या आत ठेवण्याची धडपड चालू आहे. स्वयंपाकाची पेटी अजून दोन-तीन किलोंनी जड भरते. ओट्याची फळी पीव्हीसी बोर्डाची करून बघतोय, पण तापलेलं पातेलं ठेवलं तर तिला झळ लागते, म्हणून गॅसपाशी स्टीलचा पत्रा लावायचा की फळीच बदलायची यावर बाबा आणि मिस्त्री रोज वाद घालतात.

आमच्याकडे गाडी करून घ्यायची असेल तर रविवार सोडून कधीही या. गाडी अजून घेतली नसली तरी चालेल. सामान मात्र सगळं घेऊन या, आणि घरी स्वयंपाक जे कुणी करतं, त्यांना सोबत आणा.