बिल मी भरतो, तुम्ही जीपे करा

हॉटेलात दहा-बारा जण जेवायला गेलेत, बिल आलं, आणि त्यातला एक जण बाकीच्यांचे हात बाजूला सारत "थांबा थांबा, मी भरतो, तुम्ही मला जीपे करा" म्हणत क्रेडिट कार्ड पुढे करतोय, तर तो फार दिलदार आहे असा गैरसमज करून घेऊ नका. त्याचा माइलस्टोन जवळ आलेला असतो. वर्षात अमुक इतक्या लाखांचा खर्च दाखवायचाय, त्यात थोडे कमी पडतायत, आणि तुमची बिर्याणी, तुमचं सिझलर, तुमच्या मुलाने अर्धवट टाकलेली ब्राउनी हे सगळं त्याच्या खात्यात जमा होतंय. तुम्ही त्याला पैसे लगेच देता, बँकेला तो ते महिना-दीड महिन्याने देणार, आणि खर्चावर बँक बक्षीस म्हणून देते ते पॉइंट त्याचे.

हा माणूस मला नीट माहितीये कारण मी त्याच्याशी लग्न केलंय.

नवऱ्याकडे एक एक्सेल शीट आहे. त्यात प्रीमियम कार्डं उभी आणि त्यांचे गुणदोष आडवे. फी, फी माफ व्हायला किती खर्च, पॉइंट किती, पॉइंटची किंमत किती, विमानतळावरचं लाउंज फुकट मिळतं का, परदेशात वापरलं तर मार्कअप म्हणजे वरचे पैसे किती, आणि सगळ्यात शेवटी एक कॉलम, 'कस्टमर सर्व्हिस'. तो कॉलम गेली कित्येक वर्षं रिकामा आहे. मी विचारलं तर म्हणाला त्याला आकडा कसा देणार. त्याबद्दल पुढे सांगते.

एचडीएफसीचं इन्फिनिया घ्या. घ्या म्हणजे बोलायला घ्या, ते असं मागून सहसा मिळत नाही, बँकेने बोलवावं लागतं, आणि या कार्डवेड्या मंडळींत "तुला इन्फिनिया आलं का रे" हे मुलीचं कुठे जमलं का याच सुरात विचारलं जातं. वर्षाची फी १२,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे झाले १४,७५०. वर्षात १० लाख खर्च केले की फी माफ. दर १५० रुपयांना ५ पॉइंट. विमानाचं तिकीट किंवा हॉटेल त्यांच्याच स्मार्टबाय नावाच्या वेबसाइटवरून बुक केलं तर एक पॉइंट म्हणजे एक रुपया, पण तेच पॉइंट कार्डाच्या बिलातून वजा करा म्हटलं तर एका पॉइंटचे ३० पैसे. म्हणजे फिरायला जाणाऱ्याला रुपया आणि घरी बसणाऱ्याला पावलीपेक्षा पाच पैसे जास्त. बँकेची इच्छा स्पष्ट आहे, तुम्ही फिरा.

आणि दर १५० म्हणजे पूर्ण १५० बरं का. २९९ ची वस्तू घेतली की पॉइंट पाचच, ३०० ची घेतली की दहा. त्यामुळे मेडिकलमध्ये बिल २९३ झालं की आमचे हे काउंटरवरची खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी उचलून त्यात टाकतात. घरात खोकला कुणालाही नाही. गोळ्यांचा मात्र मोठा साठा झालाय.

दुसरीकडे आयसीआयसीआयचं एमराल्ड प्रायव्हेट मेटल, फी १२,४९९ (तो एक रुपया कुणी आणि का कमी केला असेल याचा मी खूप विचार केलाय), दर २०० ला ६ पॉइंट. म्हणजे इथे तीन टक्के, तिथे तीन पूर्णांक तेहतीस. १० लाख खर्चावर दोघांत फरक पडतो ३,३३३ रुपयांचा, तोही अख्ख्या वर्षाचा. हा फरक ज्या रविवारांमध्ये शोधला गेला त्या रविवारांत घरातले सगळे पंखे पुसून झाले असते, माळाही झाला असता.

यात गंमत अशी की रोजच्या जगण्यात ही कार्डं लागतच नाहीत. भाजी, दूध, रिक्षा, चहा, इस्त्रीवाला, सगळं यूपीआयवर. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं पण ते फक्त रुपे असेल तरच, २०२२ पासून तशी सोय झाली, आणि ही भारीतली मेटलची कार्डं बहुतेक व्हिसा, मास्टरकार्ड नाहीतर डायनर्सची. त्यामुळे खणकन वाजणारं ते कार्ड पाकिटात बसून असतं आणि फोन बिचारा दिवसभर राबतो. आणि जिथे खरंच मोठे पैसे जातात तिथे पॉइंट नाहीत. पेट्रोलला बहुतेक ठिकाणी नाहीत, वॉलेट भरलं तर नाहीत, घरभाडं कार्डाने भरायला गेलात तर बऱ्याच बँका वर एक टक्का फी घेतात. सोनाराकडे गेलं तर तो गोड हसून सांगतो, कार्ड असेल तर दोन टक्के जास्त पडतील. मंगल कार्यालयवाल्याला चेक हवा असतो किंवा आणखी काही हवं असतं जे इथे लिहीत नाही. मग १० लाख करायचे कुठून? तर नातेवाइकांकडून. मावशीचा टीव्ही, भाच्याचा लॅपटॉप, सासऱ्यांच्या मित्राच्या मुलीचं परदेशातल्या युनिव्हर्सिटीचं ॲप्लिकेशन. एवढी समाजसेवा तो एरवी करत नाही.

पण त्याच्या डोळ्यांत पाणी बघायचं असेल तर फक्त 'मॅग्नस' म्हणा.

ॲक्सिस बँकेचं हे कार्ड. सप्टेंबर २०२३ च्या आधी त्यावर महिन्याला एक लाख खर्च केले की नेहमीच्या पॉइंटांच्या वर २५ हजार पॉइंट बोनस मिळायचे. दर महिन्याला. आणि ते पॉइंट विमान कंपन्यांकडे, हॉटेलांकडे पाचाला चार या भावाने वळवता यायचे, म्हणजे २५ हजारांचे २० हजार. अकॉर नावाची हॉटेलांची मोठी साखळी आहे, नोवोटेल वगैरे त्यांचीच, त्यांच्याकडे दोन हजार पॉइंटांचे ४० युरो सुटतात. करा हिशेब. एक लाख खर्च करा आणि ४०० युरो हॉटेलच्या बिलातून वजा करा. साधारण ३६ हजार रुपये. लाखाला छत्तीस हजार! माझ्यासारख्या गणितात जेमतेम पास झालेल्या बाईलाही कळत होतं की यात कुणीतरी काहीतरी विसरलंय. लोकांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावावर कार्डं काढली, प्रत्येकावर महिन्याला एक लाख बसवायची कसरत सुरू झाली, आमच्याकडे महिनाअखेरीला रात्री "अजून ३,२०० राहिले, पुढच्या वर्षीचं वायफायचं आत्ताच भरू का" अशी चर्चा व्हायची.

मग १ सप्टेंबर २०२३ ला बँकेला आठवलं. महिन्याचा बोनस बंद, फी १० हजारांवरून साडेबारा हजार, आणि वळवण्याचा भाव पाचाला चारवरून पाचाला दोन. या जगात याला 'डीव्हॅल्यू झालं' म्हणतात आणि ते म्हणताना आवाज खाली येतो. नवऱ्याला मी त्या आठवड्यात काही बोलले नाही, आवडीची भेंडीची भाजी केली.

तेव्हापासून माझं स्पष्ट मत झालंय की या तुलनेला तसा अर्थ नाही. आज तुम्ही पाच कार्डं शेजारी ठेवून एक निवडाल, ते निवडण्यासारखं असेल तर तुमच्यासारखे हजारो जण तेच निवडतील, आणि मग बँक त्याचे नियम बदलेल. जे कार्ड अजून तसंच आहे ते बहुधा तितकंसं चांगलं नव्हतं म्हणून आहे. लाउंजचं हेच झालं. पूर्वी कार्ड दाखवलं, मशीनवर दोन रुपये कापले, की आत. आता साध्या कार्डांवर आधीच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केले असतील तर प्रवेश, आणि भारी कार्डाला तशी अट नसली तरी मुंबईच्या टर्मिनल दोनला सकाळच्या वेळी लाउंजच्या दाराशी जी रांग असते ती बघितली की वाटतं बाहेर वडापाव खावा. आत काय असतं, उपमा. घरचा उपमा नको म्हणणारा माणूस तिथे दोनदा घेतो.

बरं हे पॉइंट येतात कुठून, हाही प्रश्न मी एकदा विचारला. बँक काही धर्मादाय नाही. थोडे दुकानदाराकडून येतात, तो प्रत्येक स्वाइपवर काही टक्के सोडतो, आणि म्हणूनच सोनार ते दोन टक्के मागतो. आणि थोडे त्या लोकांकडून, जे स्टेटमेंटमधला 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायचा, एवढाच आकडा भरतात. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के आहे, वर्षाचे झाले चाळीसच्या वर. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. म्हणजे कुणीतरी एका पगारात अडकलाय, त्याच्या व्याजातला एक तुकडा आमच्या गोव्याच्या हॉटेलच्या खोलीत आलाय. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग काय पॉइंट परत करू? नको करू. पण माहीत असू दे.

आता तो रिकामा कॉलम.

आमच्या एका कार्डावर, बँकेचं नाव सांगत नाही, एका हॉटेलचे पैसे दोनदा कापले गेले. प्रीमियम कार्ड, प्रीमियम हेल्पलाइन. फोन पहिल्या रिंगला उचलला. समोरची मुलगी इतकी गोड बोलली की मला वाटलं काम झालं. तक्रार नंबर मिळाला. दोन दिवसांनी मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. पैसे आलेले नव्हते. परत फोन, परत पहिल्या रिंगला, परत तेवढीच गोड वेगळी मुलगी, परत नवा नंबर, परत 'सोडवण्यात आली आहे'. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या मुलींच्या समोर जी स्क्रीन असते तिच्यात 'पैसे परत द्या' असं बटणच नसतं. त्यांना फक्त तक्रार वाचता येते आणि दिलगिरी व्यक्त करता येते. साध्या कार्डाच्या हेल्पलाइनला वीस मिनिटं गाणं ऐकवून जे सांगतात तेच इथे गाणं न ऐकवता सांगतात, फी त्याचीच असावी. शेवटी बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेल केला, त्यात 'तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन' एवढं एकच वाक्य जाड अक्षरांत टाकलं. पैसे आले. लोकपालाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही, तरी हे वाक्य फार कमी लोक लिहितात.

सर्व्हिसचा विषय निघाला की लोक अजूनही अमेरिकन एक्सप्रेसचं नाव घेतात, फोनवरचा माणूस तिथल्या तिथे निर्णय घेतो म्हणतात. त्यांच्या प्लॅटिनम कार्डाची फी साठ हजारांच्या वर आहे, जीएसटी वेगळा, तेवढ्यात निर्णय घ्यायलाच हवा. पण त्यांच्या साध्या कार्डांचंही कौतुक ऐकलंय. अडचण अशी की आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार ते कार्ड बघून "अमेक्स नाही चालत ताई" म्हणतो, कारण त्याला त्यात जास्त कापले जातात. तर फोनवर उत्तम आणि दुकानात बंद. मध्ये २०२१ च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने त्यांना नवीन ग्राहक घ्यायलाच बंदी केली होती, डेटा भारतात ठेवण्याच्या नियमावरून, ती ऑगस्ट २०२२ मध्ये उठली. तेवढा काळ ज्यांच्याकडे आधीपासून ते कार्ड होतं ते जरा ताठ मानेने वावरायचे.

शिवाय 'रिलेशनशिप मॅनेजर' नावाचा एक प्रकार प्रीमियमवाल्यांना मिळतो. आमचा दर काही महिन्यांनी बदलतो. नवा आला की फोन करून ओळख करून देतो आणि लगेच विम्याची पॉलिसी काढा म्हणतो. पैसे दोनदा कापले गेले त्या दिवसांत मात्र तो रजेवर होता, म्हणजे त्याचा फोन तरी तसं सांगत होता.

यंदा एका कार्डाच्या फीची तारीख आली. खर्च कमी पडला होता, म्हणून नवऱ्याने बंद करायचं ठरवलं. कार्ड बंद करायची विनंती केली की बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करावं, नाहीतर रोजचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, अट एवढीच की काही देणं बाकी नको. आणि काय आश्चर्य, इतकी वर्षं कुणाकडेच नसलेले अधिकार एका तासात एका माणसाकडे आले. त्याचा स्वतःहून फोन आला, मराठीत बोलला, घरी कोण कोण असतं विचारलं, आणि म्हणाला, सर, फी पूर्ण परत करतो, फक्त पुढच्या ९० दिवसांत एवढा एवढा खर्च करा.

नवऱ्याने मला न विचारता हो म्हटलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर तो मोठ्या वहिनींना फोन लावून विचारत होता, वॉशिंग मशीन टॉप लोड घेताय की फ्रंट लोड. फ्रंट लोडच घ्या म्हणाला, कपडे चांगले निघतात. महाग असतं म्हणून नाही.